हम्पी व्हीलर यांच्या निधनानंतर: प्रमोटर म्हणून त्यांचे खरे काम कोणते मानावे?

तिसरे वळण यांचा प्रश्न

हॉवर्ड ऑगस्टीन व्हीलर, ज्यांना अवघे शर्यतविश्व हम्पी व्हीलर म्हणून ओळखत होते, त्यांचे २० ऑगस्ट २०२५ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी निधन झाले. नॉर्थ कॅरोलायनामधल्या शार्लट मोटर स्पीडवेचा कारभार १९७५ पासून २००८ पर्यंत त्यांच्या हातात होता. माझ्या वाचनात आलेल्या मृत्युलेखांपैकी बहुतेकांनी त्यांना ‘मोटर शर्यतींचे बार्नम’ म्हटले आहे; एकोणिसाव्या शतकातल्या त्या अमेरिकी सर्कसमालकाशी त्यांची तुलना त्यांच्या हयातीतही होत असे. मग ओळीने येतात ती शर्यतीआधीची दृश्ये: रांगेत उभ्या केलेल्या गाड्यांवरून झेप घेणारी शाळेची बस, ट्रॅकच्या आतल्या मैदानात उभारलेली तीन रिंगणांची सर्कस, आणि अमेरिकेने १९८३ मध्ये ग्रेनाडा बेटावर केलेल्या लष्करी कारवाईचा हजारो प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग.

हे सगळे खरे आहे आणि त्यात कमीपणा मानावा असे काही नाही. तरीही हे लेख वाचून माझे समाधान झाले नाही. शार्लटची सहाशे मैलांची शर्यत मी अनेक वर्षे टीव्हीवर पाहत आलो आहे, आणि पडद्यावर मला जे दिसते त्यात बस नाही की सर्कस नाही, शर्यतच आहे. एखाद्या माणसाने तेहतीस वर्षे एक ट्रॅक चालवावा आणि त्याच्या मागे केवळ शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या तासाभराच्या आठवणी उराव्यात, हे मला त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते. ज्यांनी त्यांचा काळ जवळून पाहिला किंवा अभ्यासला आहे, त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. करमणुकीचा भाग बाजूला ठेवला, तर खुद्द शर्यतीत त्यांच्यामुळे काय बदलले? आणि त्यांच्यासारखा प्रमोटर आज दिसत का नाही?

सहाशे मैल यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर एका शब्दाचे आहे: रात्र. पण तिथपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यांच्या हाती आलेला ट्रॅक कसा होता हे सांगायला हवे.

दीड मैलाचा हा ट्रॅक कर्टिस टर्नर आणि ब्रूटन स्मिथ यांनी बांधला आणि जून १९६० मध्ये तिथे पहिली ‘वर्ल्ड ६००’, म्हणजे सहाशे मैलांची शर्यत, झाली. बांधकामाचा खर्च हाताबाहेर गेला होता, नवे डांबर पहिल्याच शर्यतीत उखडत होते, आणि पुढच्याच वर्षी कंपनीला दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आसरा घ्यावा लागला. स्मिथ बाहेर पडले आणि त्यांना ट्रॅकचा ताबा पुन्हा मिळवायला १९७५ साल उजाडले. त्या वर्षी त्यांनी ज्याला बोलावले तो माणूस शार्लटजवळच्या बेलमाँट या गिरणगावात वाढलेला होता, साउथ कॅरोलायना विद्यापीठात फुटबॉल खेळला होता, हौशी मुष्टियुद्धात उतरला होता, मातीचे छोटे ट्रॅक चालवून हात पोळून घेतले होते आणि फायरस्टोन या टायर कंपनीच्या शर्यत विभागात काही वर्षे काढली होती. (‘हम्पी’ हे नाव मुळात त्यांच्या वडिलांचे. कॉलेजात असताना कॅमल सिगारेट ओढताना ते सापडले, आणि उंटाच्या कुबडावरून पडलेले टोपणनाव मुलापर्यंत वारशाने आले.) तिकीट विकणारा, बातमी लिहिणारा आणि टायर ओळखणारा असा तिहेरी अनुभव एका माणसात एकवटणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि पुढे जे घडले ते त्याशिवाय घडले नसते असे मला वाटते.

आता रात्रीबद्दल. १९९२ पूर्वी छोट्या ट्रॅकवर दिव्यांखाली शर्यती होतच होत्या. पण एक मैलाहून मोठ्या, उंच उताराच्या वळणांच्या ट्रॅकवर रात्री नॅसकारची (अमेरिकेत स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, शर्यती घेणाऱ्या संस्थेची) शर्यत घेणे ही अव्यवहार्य कल्पना मानली जाई. ‘द विन्स्टन’ ही निवडक चालकांची शर्यत शार्लटबाहेर नेण्याचा विचार पुरस्कर्त्या कंपनीत सुरू झाला, तेव्हा तिला राखण्यासाठी व्हीलर यांनी ती दिव्यांखाली घेऊन दाखवण्याचे वचन दिले. वचन देणे सोपे होते, कारण ते शब्दांचे काम होते. पाळणे हे प्रकाशाचे काम होते. उंच खांबांवर दिवे लावले असते तर ताशी पावणेदोनशे मैलांच्या आसपास जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर उजेड आणि सावली यांचे पट्टे एकामागून एक आदळले असते, प्रेक्षकांच्या नजरेआड खांब आले असते, आणि वळणात शिरताना समोरचा दिवा थेट डोळ्यांत गेला असता. मस्को या कंपनीने त्यावर आरशांचा उपाय काढला: ट्रॅकच्या आतल्या कडेचे दिवे थेट ट्रॅककडे न रोखता आरशांकडे वळवले, आणि आरशांवरून परतलेला उजेड डांबरावर पसरवला. त्यामुळे ट्रॅक उजळला, पण उजेडाचा उगम चालकाच्या डोळ्यांसमोर आला नाही.

१६ मे १९९२ च्या त्या रात्री शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांची गाडी गिरकी घेऊन मागे पडली, काइल पेटी आणि डेव्ही ॲलिसन एकमेकांना घासत शेवटच्या रेषेवर आले, आणि ॲलिसन जिंकले त्याच क्षणी त्यांची गाडी भिंतीवर आदळली. विजेता मंचावर न जाता रुग्णालयात गेला. या शेवटामुळे ती रात्र लोकांच्या लक्षात राहिली, पण तिचा परिणाम अपघातापुरता नव्हता. पुढच्याच वर्षी सहाशे मैलांच्या शर्यतीची वेळ दुपारच्या ऐन उन्हातून उशिरा हलवण्यात आली, जेणेकरून शर्यत दिवसाउजेडी सुरू होऊन दिव्यांखाली संपेल.

हा बदल केवळ सोयीचा नव्हता, हे मला तिथे बसल्यावरच कळले. मी २००३ ते २००८ या काळात त्या भागात राहत होतो आणि दर मे महिन्यात चौथ्या वळणाजवळच्या ग्रँडस्टँडमध्ये बसत असे. सूर्य असताना तापलेले डांबर निसरडे असते, गाड्या मागून सरकतात आणि चालक वरच्या बाजूने जागा शोधतात. सूर्य मावळला की डांबर थंड होते, टायर घट्ट पकडू लागतात, आणि पहिल्या दोनशे मैलांत जी गाडी सगळ्यांना मागे टाकत होती तीच गाडी वळणात वळेनाशी होते. ज्या तंत्रज्ञाने उन्हासाठी गाडी जुळवली तो रात्री हरतो, आणि ज्याने रात्रीवर भरवसा ठेवून दुपारी मागे राहणे सोसले तो पुढे येतो. ४०० फेऱ्यांची ही शर्यत मुळात सहनशक्तीची होती. दिव्यांनी तिला अंदाजाची आणि धीराचीही केले. फ्लॉरिडातल्या डेटोना ट्रॅकने १९९८ मध्ये दिवे लावले, नंतर इतरांनीही लावले. एका प्रमोटरने शर्यतीचा आशय बदलला असे म्हणायला मला हे एकच उदाहरण पुरेसे वाटते.

गॅरेजचे दार यांचे उत्तर

‘सहाशे मैल’ यांनी दिव्यांविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे. मला मात्र १९७६ चे साल त्याहून महत्त्वाचे वाटते.

त्या वर्षी मे महिन्यात जॅनेट गथ्री इंडियानापोलिसमध्ये ५०० मैलांच्या शर्यतीसाठी पात्र होण्याचा प्रयत्न करत होत्या. नवोदितांची चाचणी त्यांनी पार केली, पण त्यांच्या गाडीत पात्रतेपुरता वेग नव्हता. साऱ्या देशाचे लक्ष त्या महिन्यात त्यांच्यावर लागले होते, आणि शर्यतीच्या दिवशी मात्र त्या ट्रॅकवर दिसणार नव्हत्या. व्हीलर यांना यात काय दिसले ते उघड आहे: त्याच दिवशी शार्लटला ‘वर्ल्ड ६००’ होती. त्यांच्या खटपटीतून गथ्री यांना शार्लटचे बोलावणे गेले, शार्लटमधल्या एका बँकेत वरिष्ठ पदावर असलेल्या महिलेने त्यांच्यासाठी स्टॉक कार विकत घेतली, आणि राल्फ मूडी यांच्यासारखा अनुभवी जाणकार गाडीच्या देखभालीला उभा राहिला. गथ्री यांनी तोपर्यंत अशा जड गाडीत शर्यत केली नव्हती. त्या २७ व्या क्रमांकावरून निघाल्या, सगळे सहाशे मैल स्वतः चालवले आणि १५ व्या आल्या. मोठ्या ट्रॅकवरच्या नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत उतरलेली ती पहिली स्त्री.

हे तिकीटविक्रीसाठीच केले होते, असा आक्षेप घेतला जातो. घेणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. व्हीलर यांनी तिकीटविक्रीचा हेतू कधी लपवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण हेतू तिकिटांचा असला तरी गाडी खरी होती, मैल खरे होते आणि १५ वा क्रमांकही खरा होता. पुढच्या वर्षी गथ्री डेटोना ५०० मध्येही उतरल्या आणि इंडियानापोलिस ५०० मध्येही, दोन्हीकडे पहिली स्त्री म्हणून. जे दार इतर कोणी उघडत नव्हते ते तिकिटे खपावीत म्हणून एकाने उघडले, तर आत शिरलेल्या व्यक्तीचे कर्तृत्व त्याने उणे होत नाही आणि उघडणाऱ्याचेही होऊ नये.

१९७८ मध्ये त्यांनी विली टी. रिब्स या कृष्णवर्णीय चालकाला त्याच शर्यतीत आणण्याचा घाट घातला होता. तो जमला नाही आणि ती जागा तोवर फारशी ओळख नसलेल्या डेल अर्नहार्ट यांना मिळाली. अर्नहार्ट यांच्या पुढच्या वाटचालीतले हे एक वळण नेहमी सांगितले जाते, पण मला रिब्स यांची हुकलेली संधी अधिक बोचते. गथ्री यांच्या वेळी जे जुळून आले ते या वेळी जुळले नाही, आणि असा प्रयत्न पुन्हा करायला या खेळाने फार काळ घेतला.

आता शार्कबद्दल लिहितो, कारण त्या प्रसंगातही केवळ चमत्कृती पाहिली जाते. १९७७ मध्ये डॅरेल वॉलट्रिप आणि केल यारबरो यांच्यात चांगलेच जुंपले होते. वॉलट्रिप यांच्या अखंड बोलण्यामुळे यारबरो यांनी त्यांना ‘जॉज’, म्हणजे जबडा, असे नाव ठेवले. यारबरो यांच्या गाडीची पुरस्कर्ती कंपनी कोंबड्यांच्या मांसाचा व्यापार करणारी होती. शार्लटची शर्यत जवळ आल्यावर व्हीलर यांनी एक मेलेला शार्क मिळवला, त्याच्या जबड्यात एक कोंबडी ठेवली आणि तो ट्रकवरून ट्रॅकभोवती मिरवला. यात एक शब्दही बोलावा लागला नाही. दोन चालकांमधले वैर पाहणाऱ्याला एका नजरेत कळले, आणि रविवारी या दोघांपैकी कोण पुढे राहतो हे पाहण्यासाठी तिकीट काढण्याचे कारण मिळाले. गाडी वेगाने फिरते एवढ्यासाठी माणूस सहाशे मैलांचे अंतर चार-पाच तास पाहत बसत नाही. आतला माणूस कोण आहे आणि त्याचे कोणाशी पटत नाही, हे ठाऊक असले की बसतो. हे व्हीलर यांना मुष्टियुद्धाच्या रिंगणातून उमगले असावे असे मी मानतो. तिथेही लढत घंटेच्या कितीतरी आधी सुरू होते.

कुंपणाजवळ यांचे उत्तर

आदरांजलीच्या धाग्यावर हे लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. व्हीलर यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीतली दोन कठीण वर्षे वगळून त्यांचे स्मरण करणे मला प्रामाणिक वाटत नाही. लोकांना बोलावणाऱ्यावर बोलावलेल्यांची जबाबदारी येते, आणि प्रमोटरच्या कामाचा तोच सर्वांत अवघड भाग आहे.

१ मे १९९९ रोजी शार्लटला उघड्या चाकांच्या गाड्यांची इंडी रेसिंग लीगची शर्यत होती. ६१ व्या फेरीच्या सुमारास झालेल्या अपघातात एका गाडीचे चाक आणि सस्पेन्शनचे भाग कुंपणावरून प्रेक्षकांत गेले आणि तीन प्रेक्षकांचा मृत्यू झाला. ७९ व्या फेरीनंतर शर्यत थांबवून रद्द करण्यात आली, निकाल लावला गेला नाही, आणि ती शर्यत तिथे पुन्हा कधी झाली नाही. आदल्या वर्षी मिशिगनमध्येही दुसऱ्या मालिकेच्या शर्यतीत असेच तीन प्रेक्षक दगावले होते. त्यानंतर चाके गाडीच्या सांगाड्याला भक्कम दोरांनी बांधून ठेवण्याची पद्धत या गाड्यांत रूढ झाली आणि ट्रॅकची कुंपणे उंच करण्यात आली. पुढच्याच वर्षी, २० मे २००० च्या रात्री, ‘द विन्स्टन’ संपवून परतणाऱ्या प्रेक्षकांच्या पायाखालचा महामार्गावरचा पादचारी पूल कोसळला आणि शंभराहून अधिक लोक जखमी झाले. बांधकामाच्या वेळी मसाला लवकर घट्ट व्हावा म्हणून त्यात वापरलेल्या कॅल्शियम क्लोराइडमुळे आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, असे तपासात निष्पन्न झाले. कुंपणाच्या बाबतीत मोठा प्रश्न शर्यतीच्या नियमांचा होता आणि पुलाच्या बाबतीत बांधकामाचा, हे मला मान्य आहे. तरी दोन्ही वेळा तिकीट काढून आलेली माणसे त्यांच्या अंगणात होती.

मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो यानंतरच्या वर्षामुळे. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला. ते व्हीलर यांचे जवळचे मित्र होते. चालकांच्या सुरक्षिततेवर उघडपणे बोलणे तेव्हा या खेळात सहज चालून जात नव्हते. ट्रॅकच्या मालकांनी तर गप्प राहावे असाच रिवाज होता. व्हीलर गप्प राहिले नाहीत. भिंतीवर समोरून आदळल्यावर धक्क्याचा काही भाग गाडीच्या नाकानेच शोषून घ्यावा, यासाठी त्यांनी संमिश्र धाग्यांचा पुढचा बंपर पुढे आणला, ज्याला लोक ‘हम्पी बंपर’ म्हणू लागले. नॅसकारने तो स्वीकारला नाही. मी स्वतः यांत्रिकी शाखेत काम करतो आणि त्या बंपरच्या मर्यादा मला दिसतात: थोड्याशा लांबीत शोषता येणारी ऊर्जा थोडीच असते, आणि शेवटी चालकाची मान व डोके धरून ठेवणारे साधन आणि दबणारी भिंत हेच उपाय अधिक परिणामकारक ठरले. पण ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लटलाच एका कनिष्ठ मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर या तरुण चालकाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच नॅसकारने मानेच्या सुरक्षेचे साधन सक्तीचे केले, हे लक्षात घेतले की त्या वर्षात जाहीरपणे प्रश्न विचारत राहणाऱ्या मोजक्या लोकांचे मोल कळते. त्यांचे उत्तर चुकले असेल, पण त्यांनी प्रश्न टाळला नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. २००५ मध्ये ट्रॅकचा पृष्ठभाग घासून सपाट करण्याचा प्रयोग झाला, गाड्यांचा वेग वाढला, टायर फुटू लागले, आणि मे महिन्याच्या शर्यतीत धोक्यामुळे गाड्या सावकाश चालवायला लावणारा पिवळा झेंडा २२ वेळा दाखवावा लागला. पुढच्या वर्षी संपूर्ण ट्रॅकवर नवे डांबर टाकण्यात आले. टायर कंपनीत उमेदवारी केलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे व्हावे याचे मला वाईट वाटते, आणि ते लपवावे असे वाटत नाही.

तिसरे वळण यांचा प्रतिसाद

‘कुंपणाजवळ’ यांनी दोन दिवस विचार करून लिहिले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. १९९९ आणि २००० च्या घटना मला तुटकपणे ठाऊक होत्या. त्या २००१ शी जोडून मी पाहिल्या नव्हत्या. गथ्री यांच्याविषयीही मी केवळ डेटोनाचे वाचले होते, त्यामागे शार्लट आहे हे आज कळले. माझा दुसरा प्रश्न अजून उरला आहे: आज असा प्रमोटर का दिसत नाही? माणसेच कमी पडली, की कामच उरले नाही?

गेटवरचा हिशेब यांचे उत्तर

काम उरले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पैशाच्या वाटेत आहे.

व्हीलर ज्या काळात घडले त्या काळात ट्रॅकचे उत्पन्न प्रामुख्याने गेटवर, म्हणजे तिकिटांतून यायचे. प्रत्येक ट्रॅक आपापल्या शर्यतीचे प्रक्षेपणाचे हक्कही स्वतंत्रपणे विकत असे. पाऊस पडला, वैर थंडावले, बातमी छापून आली नाही, की त्याचा फटका थेट बसायचा. अशा माणसाने शार्क आणला नाही तर नवल. पण १९९९ मध्ये नॅसकारने २००१ च्या हंगामापासून सर्व शर्यतींचे हक्क एकत्र करून सुमारे २.४ अब्ज डॉलरचा करार केला. त्या रकमेतला ६५ टक्के वाटा ट्रॅकना, २५ टक्के संघांना आणि १० टक्के नॅसकारला अशी विभागणी ठरली. त्या दिवसापासून ट्रॅकच्या ताळेबंदात सर्वांत खात्रीचा आकडा असा झाला की, ज्यासाठी कोणालाही घरातून बाहेर पडायला लावावे लागत नाही. रिकाम्या खुर्च्या टोचतात, पण बुडवत नाहीत.

व्हीलर यांच्या काळात शार्लटची आसनक्षमता दीड लाखाच्या पुढे गेली होती. १९८४ मध्ये पहिल्या वळणाच्या वर राहण्यासाठी सदनिका बांधल्या गेल्या, तेव्हा शर्यतीच्या ट्रॅकवर घर कोण घेणार म्हणून त्यांची चेष्टा झाली, आणि नंतर इतर ट्रॅकनी तेच केले. हे सर्व त्यांनी आणि ब्रूटन स्मिथ यांनी मिळून केले, हेही सांगायला हवे. भांडवल आणि अंतिम शब्द स्मिथ यांचा होता. या दोघांची जोडी मे २००८ मध्ये फुटली, व्हीलर यांनी त्या महिन्याच्या शर्यतीनंतर पद सोडले, आणि ती निवृत्ती सर्वस्वी त्यांच्या मनासारखी झाली नाही असे तेव्हाही जाणवत होते. स्मिथ २०२२ मध्ये गेले. व्हीलर गेल्यानंतरच्या वर्षांत ट्रॅकमधल्या अनेक ग्रँडस्टँडच्या खुर्च्या काढून टाकण्यात आल्या. त्याला मंदीसह अनेक कारणे आहेत आणि सगळे दूषण प्रमोटरच्या अभावाला देणे चुकीचे ठरेल. तरीही, खुर्च्या भरण्यासाठी जिवाचे रान करणारी व्यक्ती आणि खुर्च्या कमी करून गर्दी दाट दिसेल अशी व्यवस्था करणारी व्यक्ती, या दोघांचे पदनाम एकच असले तरी पेशा एक नव्हे.

मातीचा ट्रॅक यांचे उत्तर

सर्वांनी मोठ्या ट्रॅकविषयी लिहिले आहे, म्हणून मी छोट्याविषयी लिहितो.

शार्लटच्या मुख्य ग्रँडस्टँडसमोर, सरळ पट्टा आणि पिट यांच्या मधल्या जागेत, पाव मैलाचा एक सपाट ट्रॅक आहे. टीव्हीवर तो नुसता डांबराचा तुकडा वाटतो. १९९२ मध्ये, म्हणजे दिव्यांच्याच वर्षी, व्हीलर यांच्या पुढाकाराने ‘लेजंड्स’ गाड्या बाजारात आल्या. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या गाड्यांची पाच-अष्टमांश आकाराची शरीरे, आत यामाहा मोटरसायकलचे इंजिन, आणि सगळ्यांना सारखेच सुटे भाग, जेणेकरून ज्याचा बाप श्रीमंत तोच जिंकेल असे होऊ नये. मोठ्या स्टॉक कारचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेला होता आणि छोट्या ट्रॅकवर नवे चालक येईनासे झाले होते. मोठ्या ट्रॅकच्या अध्यक्षाने त्याची काळजी करावी असे काही त्याच्या कामात लिहिलेले नसते. ज्याने तरुणपणी मातीचे ट्रॅक चालवले होते त्याला मात्र माहीत होते की तिकडचा झरा आटला तर सहाशे मैलांच्या शर्यतीला वीस वर्षांनी चालक मिळणार नाहीत. बुश बंधू, जोई लोगानो आणि विल्यम बायरन ही आजच्या प्रेक्षकांच्या ओळखीची नावे या गाड्यांतून पुढे आली आहेत.

माझ्या मुलाने त्या पाव मैलाच्या ट्रॅकवर तीन उन्हाळे गाडी चालवली. तो कधी पहिल्या पाचांत आला नाही आणि पुढे त्याने शर्यत सोडून दिली. मंगळवारची संध्याकाळ असे, समोरच्या प्रचंड ग्रँडस्टँडच्या एका कोपऱ्यात काही हजार लोक बसलेले असत, आणि चौदा वर्षांच्या मुलाचे नाव त्याच ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाई ज्यावरून मे महिन्यात विजेत्याचे पुकारले जाते. पहिल्या संध्याकाळी नाव ऐकून तो हेल्मेटच्या आत रडला होता, हे त्याने मला फार नंतर सांगितले.

मे २०२५ मध्ये व्हीलर यांना नॅसकार हॉल ऑफ फेमचा लँडमार्क पुरस्कार जाहीर झाला होता. तो सोहळा पाहायला ते राहिले नाहीत, पण ती बातमी त्यांच्या हयातीत आली याचे मला समाधान आहे. निधनाचे कळले तेव्हा मुलाने मला फोन करून त्याची जुनी गाडी कोणाकडे आहे असे विचारले. ती आम्ही ज्या कुटुंबाला विकली होती त्यांच्याकडून पुढे आणखी एका मुलीकडे गेली आहे, आणि ती अजून त्याच पाव मैलावर चालते.